वेग, ताप आणि पाणी

सायकलच्या चाकात हवा भरून झाल्यावर पंपाच्या बुडाशी हात लावला, तर तो चांगलाच तापलेला लागतो. थंडीच्या दिवसांत दोन तळहात एकमेकांवर घासले, की क्षणार्धात ऊब येते. शेतावरील पाण्याचे इंजिन घटकाभर चालले, तरी त्याच्या अंगावर हात ठेववत नाही. जेथे काम होते तेथे उष्णता निर्माण होते, हा निसर्गाचा नियमच आहे. ज्या यंत्राला चाके नाहीत, दट्ट्या नाही, ज्याचा एकही भाग डोळ्यांना हलताना दिसत नाही, अशा यंत्राचीही या नियमातून सुटका होत नाही. संगणकाचा प्रोसेसर हे असेच एक यंत्र होय.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा गणित करणारा भाग. सिलिकनच्या नखाएवढ्या पातळ तुकड्यावर विजेच्या अत्यंत सूक्ष्म कळा कोरलेल्या असतात. त्यांना ट्रान्झिस्टर असे म्हणतात. शाळेच्या पटांगणावर कवायत चालते, तेव्हा ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला सर्व मुलांचे पाऊल एकदम पडते. तसेच येथेही असते. एका ठरावीक ठोक्यावर हे सर्व ट्रान्झिस्टर आपापले काम करतात आणि पुढील ठोका पडण्यापूर्वी ते पुरे करतात. १९७१ साली अमेरिकेतील इंटेल या कंपनीने ४००४ नावाचा प्रोसेसर विक्रीस आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि सेकंदाला सुमारे सात लाख चाळीस हजार ठोके पडत. त्याच कंपनीने २०११ साली आणलेल्या कोअर आय-सेव्हन २६००-के या प्रोसेसरात ट्रान्झिस्टरांची संख्या शंभर कोटींच्या घरात गेली आणि सेकंदाचे ठोके ३४० कोटी झाले. यालाच ३.४ गिगाहर्ट्झ असे म्हणतात.

कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे, याला ओव्हरक्लॉकिंग असे नाव आहे. हे मुळात शक्य तरी का व्हावे, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर कारखान्याच्या सावधपणात आहे. एकाच चकतीतून कापलेले सर्व प्रोसेसर गुणांनी सारखे नसतात. शिवाय त्यांना थंड प्रदेशात तसेच उष्ण प्रदेशात, स्वच्छ खोलीत तसेच धुळीने भरलेल्या दुकानात, वर्षानुवर्षे चालावयाचे असते. यास्तव कारखाना वेग ठरविताना थोडी सूट हाताशी राखून ठेवतो. ही सूट कधी कधी बरीच मोठी असते. १९९८ साली निघालेला सेलेरॉन ३००-ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर पुष्कळ हौशी लोकांनी ४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दीडपट वेगाने चालविला. २६००-के या प्रोसेसरात तर त्याची सोयच ठेवलेली होती. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असून त्याला ३४ या गुणकाने गुणले, की त्याचा नेहमीचा वेग मिळे. हा गुणक बदलण्याची मुभा होती. चौतीसच्या जागी पंचेचाळीस हा आकडा लिहिला, की वेग ४.५ गिगाहर्ट्झ होई.

आकडा लिहिणे सोपे आहे; तो निभावून नेणे मात्र सोपे नाही. सेकंदाला ४५० कोटी ठोके पडू लागले, म्हणजे दोन ठोक्यांमधील वेळ इतका अल्प होतो, की तेवढ्यात प्रकाशाचा किरणही सात सेंटिमीटर अंतर ओलांडू शकत नाही. एवढ्या अवधीत प्रत्येक ट्रान्झिस्टरने आपली स्थिती बदलून स्थिर झाले पाहिजे. ढोल अधिक जलद वाजू लागला, की कवायतीतील एखाद्या मुलाचे पाऊल मागे पडावे, तसे एखाद्या मार्गावरील संदेशाला उशीर होतो आणि शून्याच्या जागी एक, किंवा एकाच्या जागी शून्य वाचले जाते. यावर एक उपाय आहे. प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब थोडा वाढविला, की ट्रान्झिस्टर अधिक चपळाईने काम करतात. मात्र या उपायाची किंमत मोजावी लागते, आणि ती उष्णतेच्या रूपाने.

प्रोसेसरमध्ये कामामुळे निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. वेग ३४ वरून ४५ वर नेला, म्हणजे तो सुमारे १.३२ पट झाला. समजा, त्यासाठी दाब १.२० व्होल्टवरून १.३२ व्होल्टवर न्यावा लागला. ही वाढ केवळ दहा टक्क्यांची दिसते. परंतु तिचा वर्ग १.२१ होतो. दोहोंचा गुणाकार सुमारे १.६ भरतो. म्हणजे जो प्रोसेसर पूर्वी ९५ वॅट उष्णता देत होता, तो आता दीडशे वॅटांहून थोडी अधिक देऊ लागेल. वेग तीस टक्क्यांनी वाढला, ताप मात्र साठ टक्क्यांनी!

दीडशे वॅट ही काही मोठी गोष्ट नाही, असे वाटण्याचा संभव आहे. घरातील इस्त्री हजार वॅटची असते. परंतु इस्त्रीची ती उष्णता सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटरांच्या तळावर पसरलेली असते. २६००-के या प्रोसेसरच्या सिलिकनचे क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरचा हिशेब केला, तर तो इस्त्रीपेक्षा दहापटीहून अधिक उष्णता बाहेर टाकीत असतो. ही उष्णता जेथल्या तेथे साठू दिली, तर काही क्षणांतच प्रोसेसर निकामी होण्याच्या पंथाला लागेल. म्हणून ती सतत वाहून नेली पाहिजे. सामान्य संगणकात हे काम धातूच्या पापुद्र्यांवर वारा घालणारा पंखा करतो. त्याची शक्ती अपुरी पडू लागली, की पाण्याला बोलवावे लागते.

पाण्याची उष्णता धारण करण्याची शक्ती विलक्षण आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे ४,१८० जूल उष्णता लागते. तेवढ्याच वजनाच्या हवेला याच्या एक-चतुर्थांश उष्णता पुरते, आणि तेवढ्याच आकारमानाच्या हवेला तर तिचा हजारावा हिस्साही लागत नाही. जलशीतनाच्या रचनेत प्रोसेसरवर तांब्याची एक पोकळ पेटी घट्ट बसविलेली असते. तिच्या आत केसासारख्या बारीक चरांतून पाणी वाहते. पंप ते पाणी नळ्यांतून रेडिएटरकडे नेतो. तेथे पंख्यांच्या वाऱ्याने उष्णता हवेत जाते आणि निवलेले पाणी पुन्हा पेटीकडे परतते. मोटारीचे इंजिन याच रीतीने थंड राखले जाते. पंपातून मिनिटाला तीन लिटर पाणी फिरत असेल, तर दीडशे वॅट उष्णता उचलताना ते एका फेरीत पाऊण अंशानेही तापत नाही. म्हणून नळ्यांच्या संपूर्ण चक्रात पाणी जवळजवळ सारख्याच तापमानाचे असते.

पाण्याने गणकयंत्र थंड राखण्याची ही युक्ती घरगुती संगणकांपूर्वीच्या काळातील आहे. १९८० साली जाहीर झालेल्या आय.बी.एम. ३०८१ या मोठ्या संगणकात थंड पाणी खेळविलेले असे. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाची तर सगळी मंडले एका वीज न वाहणाऱ्या द्रवातच बुडविलेली असत. पुण्याच्या आयसर या संस्थेत २०१९ साली उभारलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकातही प्रोसेसरांची उष्णता द्रवाकरवीच नेली जाते. या सर्व ठिकाणी द्रवाची योजना झाली ती नेमलेला वेग अखंड आणि बिनचूक टिकावा म्हणून. हौशी माणसानेही हाच हेतू मनाशी धरला, तर त्याची पुष्कळशी संकटे टळतील.

तथापि पाण्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. पाणी प्रोसेसरला थंड करते, असे आपण म्हणतो. वास्तविक पाणी केवळ हमाल आहे. ते उष्णता उचलते आणि खोलीतील हवेच्या स्वाधीन करते. म्हणून रेडिएटरमधून परतणारे पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा, भरपूर काम चालू असताना एखादा प्रोसेसर खोलीपेक्षा चाळीस अंशांनी अधिक तापतो. डिसेंबरात नागपुरास खोलीचे तापमान बावीस अंश असेल, तर प्रोसेसर बासष्ट अंशांवर राहील. तीच खोली मे महिन्यातील दुपारी बेचाळीस अंशांवर गेली, म्हणजे तोच प्रोसेसर ब्याऐंशी अंश दाखवील. यंत्रात काडीचाही बदल झालेला नसतो. हिवाळ्यात शोधून काढलेली वेगाची मर्यादा उन्हाळ्यात टिकेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. जाणकार मनुष्य म्हणूनच प्रोसेसरचे नुसते तापमान लिहून थांबत नाही. खोलीचे तापमानही शेजारी लिहितो आणि त्या दोहोंतील अंतर पाहतो.

हे अंतर दोन भागांत तोडून पाहिले, की दोष कोठे आहे ते अचूक सापडते. पाणी खोलीपेक्षा थोडेसेच कोमट आहे, पण प्रोसेसर मात्र फार तापला आहे, असे दिसले तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. तांब्याची पेटी तिरपी बसली असेल, तिच्यातील चर तुंबले असतील किंवा मधला लेप बिघडला असेल. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची मोठी अडसर आहे. म्हणून त्या फटी भरण्यासाठी उष्णतावाहक लेप लावतात. तो लेपही धातूइतका चांगला वाहक नसतो. त्याचा थर अगदी पातळच असावा लागतो. जाड थर दिल्यास तोच वाटेत आडवा येतो. याउलट पाणीच फार तापले असेल, तर दोष रेडिएटरकडे असतो. त्याच्या पापुद्र्यांत धूळ साठलेली असेल, पंखे मंदावले असतील किंवा रेडिएटरच लहान पडत असेल.

आता प्रत्यक्ष वेग वाढविण्याची रीत पाहू. तिचे पहिले सूत्र असे, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आरंभी प्रोसेसर कारखान्याच्या वेगाने चालवून त्याचे तापमान नोंदवावे. मग गुणक एकाने वाढवावा, भरपूर काम देऊन परीक्षा घ्यावी आणि पुन्हा नोंद करावी. जोपर्यंत परीक्षेत यंत्र उतरते, तोपर्यंत दाबाला हात लावू नये. यंत्र अडखळले, तरच दाब अगदी थोडा, शतांश व्होल्टच्या मापाने वाढवावा. वेग आणि दाब एकदम वाढविणाऱ्याला यश आले, तरी ते कशाने आले हे कळत नाही. आणि अपयश आले, तर दोष कोठे शोधावा हे समजत नाही.

परीक्षेला पुरेसा वेळ देणे हे दुसरे सूत्र. काम सुरू होताच प्रोसेसरचे तापमान उडी मारते. पाणी मात्र सावकाश तापते. चक्रात एक लिटर पाणी असेल आणि रेडिएटरने काहीच उष्णता बाहेर टाकली नाही, तरीसुद्धा दीडशे वॅटांनी ते पाणी एक अंशाने तापण्यास सुमारे अठ्ठावीस सेकंद लागतील. प्रत्यक्षात रेडिएटर आपले काम करीत असतोच. म्हणून पाणी आपल्या शेवटच्या तापमानावर येऊन स्थिर होण्यास बराच अवकाश लागतो. पहिल्या पाच मिनिटांतील आकडे पाहून जो समाधान मानतो, तो पाण्याच्या या संथपणाने फसतो. अर्ध्या तासानंतर आकडे चढावयाचे थांबले, म्हणजेच खरे तापमान हाती आले. नंतरही परीक्षा कित्येक तास चालू ठेवावी लागते. या जातीचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचले, की स्वतःच आपला वेग उतरवितात. परंतु तेथवर जाण्याची पाळी येऊ न देता कठीण कामातही तापमान ऐंशी अंशांच्या आत ठेवणे शहाणपणाचे मानले जाते.

तिसरे सूत्र सर्वांत महत्त्वाचे आहे. यंत्र बंद पडले नाही, एवढ्याने ते स्थिर आहे असे ठरत नाही. संगणक एकाएकी बंद पडतो, पडदा निळा होतो, तेव्हा चूक निदान उघडकीला तरी येते. परंतु कधी कधी संगणक निमूटपणे चालत राहतो आणि मधेच एखादे उत्तर चुकीचे देतो. अशी चूक कोणाच्याही ध्यानात येत नाही. ती चूक एखाद्या चित्रातील ठिपक्यात झाली, तर बिघडत नाही; पण ती साठवून ठेवलेल्या दस्तऐवजात किंवा शास्त्रीय गणितात झाली, तर पुढचे सर्व काम तिच्या पायावर उभे राहते.

याचे उत्तम उदाहरण गणिताच्या क्षेत्रातच आढळते. दोनच्या एखाद्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळसंख्यांना मर्सेन मूळसंख्या म्हणतात. अशा प्रचंड संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली एक उपक्रम सुरू केला. जगभरातील लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ या कामाला देतात. हे गणित कोट्यवधी पायऱ्यांचे असून प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर रचलेली असते. मध्ये एकच आकडा चुकला, की महिन्याभराचे कष्ट मातीमोल होतात. म्हणून या उपक्रमात अनेक वर्षे प्रत्येक उत्तर दुसऱ्या संगणकावर पुन्हा काढून ताडून पाहिले जात असे. २०२४ च्या ऑक्टोबरात ४,१०,२४,३२० अंकांची मूळसंख्या सापडली; तीही निरनिराळ्या यंत्रांवर पडताळून पाहिल्यावरच जाहीर झाली. या उपक्रमासाठी तयार केलेल्या 'प्राइम-९५' या प्रोग्रॅममध्ये यंत्राची कसोटी घेण्याची सोय आहे. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते तो प्रोसेसरला देतो आणि आलेले उत्तर ताडून पाहतो. एकाही उत्तरात फरक पडला, तर यंत्र नापास. वेग वाढविणारे हौशी लोक स्थिरतेची परीक्षा याच कसोटीवर घेऊ लागले, ते योग्यच झाले.

उष्णता आणि स्थिरता यांचा संबंध किती जवळचा आहे, हे येथे लक्षात येईल. प्रोसेसर तापला, की त्यातील बारीक तारांचा विरोध वाढतो आणि संदेशांना अधिक वेळ लागतो. शिवाय बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही थोडी वीज झिरपत असते; तापमान वाढले, की ती गळती वाढते, आणि गळतीमुळे तापमान आणखी चढते. संदेश मागे पडतात म्हणून दाब वाढवावा, दाबामुळे ताप वाढावा, तापामुळे संदेश आणखी मागे पडावेत, असे हे दुष्टचक्र आहे. चांगले जलशीतन हे चक्र काही अंतरापर्यंत रोखून धरते; ते मोडून काढू शकत नाही.

पाण्याचा संसार मांडला, की त्याची काळजीही अंगावर पडते. प्रोसेसरला वीज देण्यापूर्वी नुसता पंप कित्येक तास चालवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवावा. कागद ओला झाला, तर गळती कळते. पंप कोरडा फिरू देऊ नये. पाणी ऊर्ध्वपातित असावे आणि त्यात गंज व शेवाळे यांना आळा घालणारी द्रव्ये घालावीत. तांबे आणि ॲल्युमिनियम हे दोन धातू एकाच पाण्यात ठेवू नयेत. त्यांपैकी ॲल्युमिनियम झिजू लागते. कोणी बर्फाने पाणी खोलीपेक्षा थंड करू पाहतात. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला पावसाळ्यात बाहेरून जसा घाम फुटतो, तसेच दव मग प्रोसेसरच्या भोवती जमते, आणि तेथे पाण्याचा एक थेंबही घात करतो.

दाबाचे दुष्परिणाम तर लगेच दिसतही नाहीत. अधिक दाब आणि अधिक ताप यांमुळे सिलिकनवरील तारांचे धातुकण वर्षानुवर्षे थोडे थोडे सरकत जातात आणि एके काळी स्थिर असलेले यंत्र पुढे अस्थिर होते. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर नेहमीच्या वापरातही अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक दाब मागत होते, असे कंपनीने सांगितले आणि दुरुस्ती दिली. झालेली झीज मात्र कोणत्याही दुरुस्तीने भरून येत नाही. पाणी उष्णता नेऊ शकते. दाबाने होणारी ही झीज ते पुरती थांबवू शकत नाही.

म्हणून जाणता मनुष्य जेथे यंत्र अडखळते ती जागा शोधतो, आणि तेथून एक-दोन पायऱ्या मागे येऊन थांबतो. पंचेचाळीसचा गुणक हिवाळ्यातील रात्री निभावला, तरी तो चव्वेचाळीस किंवा त्रेचाळीसवर समाधान मानतो. मागे ठेवलेली ती एक-दोन पावले वाया जात नाहीत. मे महिन्याची दुपार, रेडिएटरवर साठलेली धूळ, जुना होत चाललेला लेप आणि पुढील पाच वर्षांची झीज या सर्वांसाठी ती राखलेली असतात. कारखान्यानेही आरंभी हेच केले होते. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. ढोल कितीही जलद वाजविता येईल. कवायत मात्र शेवटच्या मुलाचे पाऊल बरोबर पडेपर्यंतच कवायत राहते. ज्या वेगात उत्तर चुकत नाही, तोच यंत्राचा खरा वेग होय.